हंड्यातला पहिला चमचा

अल्लाच्या नावाने. मी खिदिर, कागदोपत्री अब्दुल्लाचा मुलगा, कारण लहानपणीच परमुलखातून उचलून मुसलमान केलेल्या आम्हा जानिसारी शिपायांचा बाप कागदावर अब्दुल्लाच असतो. राहणार इस्तंबूल, मटणचौकामागची गल्ली. पातशहांच्या पलटणीचा निवृत्त मुख्य मुदपाकी. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, साक्षीदारांदेखत, मुल्ला साबित यांच्या हातून हे लिहून ठेवीत आहे. मागे बायकामुले नाहीत, तेव्हा माझे कोणाला द्यायचे ते मीच ठरवणार.

पहिले. तांब्याची भांडी हल्लीच्या मुदपाक्याला द्यावीत. सोबत निरोप द्यावा, की बाबा रे, मीठ टाकताना हात कसला आखडतोस? तुझ्या घरचे थोडेच जाते! अंगणातल्या अंजिराची फळे शेजारच्या नेफिसेबाईंनी तोडावीत. आजवर माझी पाठ वळली की तोडत होत्या, आता हक्काने तोडावीत.

दुसरे. कमरेची सुरी पलटणीतल्या कोणाही शिपायाला द्यावी. मात्र ती कोणत्या स्वारीतली आहे हे त्याला सांगावे. डॅन्यूबकाठी एवढी अफाट फौज चालली होती, दोन्ही बाजूंना गहू कापणीला आलेला, आणि आमच्यामागे गव्हाची एक काडी आडवी झालेली नव्हती. पातशहांचा हुकूमच तसा होता. एका सरदाराच्या भाच्याने घोडा शेतात घातला, त्याचीही गय झाली नाही. असा धनी मला लाभला, याचा अभिमान मी कबरीत घेऊन जाणार आहे. किल्ले काय, कोणीही घेतो.

इथे मुल्ला साबित म्हणतात, "उस्ता, असलं काही मृत्युपत्रात लिहीत नाहीत हो."

"तू लिही रे. मरणार मी आहे की तू?"

तिसरे, आणि खरे हेच. आम्हा प्रत्येक शिपायाच्या टोपीत खोचलेला असतो तसला माझा लाकडी चमचा मी इल्यासला देतो. इल्यास माझा जोडीदार. तंबूत शेजारी निजलेला, खंदकात शेजारी भिजलेला. आज तो धर्मादाय अन्नछत्राच्या रांगेत वाडगा धरून उभा राहतो. का, ते साक्षीदारांनी ऐकावे. विशेषतः फरहाद आगा, तुम्ही.

काही वर्षांमागे दोन वजिरांचे फाटले होते. धाकट्या वजिराच्या माणसांनी बराकीत रात्रंदिवस कान भरले: पगाराच्या दिवशी राजवाड्यातला शोरबा शिवू नका, हंडा उलथा, थोरल्या वजिराचे मुंडके मागा. शोरबा नाकारणे म्हणजे बंड, हे पातशहांनाही ठाऊक होते. हंडा उलथला असता तर संध्याकाळपर्यंत निम्मे शहर जळाले असते आणि आमची पलटण नावालाही उरली नसती.

पगाराच्या दिवशी राजवाड्याच्या चौकात शोरब्याची भांडी मांडली. खूण झाली. एरवी आम्ही तुटून पडतो; त्या दिवशी हजारो माणसे जागची हलली नाहीत. जाळीच्या खिडकीमागे खुद्द पातशहा बसले आहेत हे सर्वांना माहीत होते. मीही जागचा उठलो नाही, खोटे कशाला बोलू?

तेवढ्यात इल्यास उठला. एकटा. एवढा मोठा चौक ओलांडून गेला, टोपीतला चमचा काढला, भांड्यात बुडवला, प्याला, मिशा पुसल्या आणि वळून ओरडला, "मीठ कमी आहे रे! पण गरम आहे, या लवकर!"

कोणीतरी फिस्सकन हसले. मग सगळेच हसले आणि सगळेच धावले. बंड तिथेच संपले. अरे, काय छातीचा माणूस! स्वाऱ्यांत मी पुष्कळ वीर पाहिले, पण त्यांच्या हातात तलवार तरी होती.

पण आमच्या पलटणीचा नियम असा, की पंक्तीतल्या वडीलधाऱ्याआधी कोणी चमचा बुडवायचा नाही. त्या वर्षी वडीलधारे फरहाद होते. बराकीत परतल्यावर त्यांनी इल्यासच्या टोपीतला चमचा उपसला. "माझ्याआधी जेवलास. आता या हंड्यावर तुझी जागा नाही." आमच्यात हंडा सुटला की पलटण सुटली आणि पगारही सुटला. फरहाद आगा लाच खाणारे नव्हेत, हे मी शपथेवर सांगतो. नियमाला धरून वागणारे आहेत. पण आगा, तुम्ही आधी उठला असतात, तर त्याला नियम मोडावा लागला नसता. मान खाली घालू नका, ऐका.

म्हणून माझे घर मी पलटणीच्या सामाईक पेटीला देतो, पण एका अटीवर: माझ्या दफनाच्या दिवशी इल्यासला आपल्या हंड्यापाशी बसवून माझ्या चमच्याने जेवू घालावे. ते जमत नसेल, तर घर त्या अन्नछत्राला जावे. त्यांनी त्याला कोणताही नियम न विचारता जेवू घातले आहे.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल केले.

खिदिर (शिक्का)
लेखक: मुल्ला साबित
साक्षीदार: हाजी ओरुच, नालबंद
साक्षीदार: फरहाद आगा, सरदार

मुक्काम इस्तंबूल, रज्जबचा दुसरा सोमवार.

सहीखाली फरहाद आगांच्या हातचे:
"हा खिदिर एवढ्यात मरेलसं दिसत नाही. तोवर इल्यासने रांगेत का उभं राहायचं? उद्या दुपारी त्याला घेऊन या. हंड्यात पहिला चमचा त्याचा. वडीलधारा मी आहे, मी थांबेन."

त्याखाली, मंगळवारी, वाकड्यातिकड्या अक्षरांत:
"चमचा मिळाला. मीठ कमी होतं. इल्यास."