दुखणं माझं, आकडा तुझा

दादा,

'प्रिय' लिहायला आज हात धजत नाही.

ऑपरेशननंतर नर्सने मला विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" नळीने सोलवटलेल्या माझ्या घशातून आवाज फुटायच्या आत तू ठोकून दिलंस, "दोन! आमची छोटी फार सोशिक आहे." नर्स दुखणं थांबवायचं इंजेक्शन न देताच परत गेली. इकडे पोटाचे टाके जीव काढत होते, आणि तू भेटायला येणाऱ्यांपुढे माझं कौतुक करत होतास! स्वतःचं बोट दारात चेमटलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतंस, ते विसरलास?

सोमवारी तुझं ऑपरेशन. सोबतीला मीच आहे. मीही "दोन" म्हणणार होते. पण नाही रे, मी म्हणेन, "त्यालाच विचारा."

हे पत्र पाठवणार नाही. तेही सगळ्यांना कौतुकाने वाचून दाखवशील.

तुझी छोटी

नऊ होतं, दादा.