हाराखालचा तक्ता

पिंगळी, ता. १४ नोव्हेंबर १९८६

प्रिय मनकर्णाअक्का,

धाकट्या कुसुमचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला त्यांच्या बिडीइतकाच टिकून असेल, असे धरून चालते. आमच्याकडे सगळे खुशाल. यांना पडसे आहे, पण ते बारमाही.

मागच्या रविवारी आमच्या शाळेत बायकांसाठी आरोग्याचा कार्यक्रम झाला. सगुणाबाई सिस्टरांनी बाईच्या शरीराचा मोठा रंगीत तक्ता फळ्यावर टांगला. उद्घाटनाला सरपंच व्यंकटराव. (गावात खड्डा जरी खणला तरी नारळ त्यांनीच फोडायचा.) प्रतिमापूजन असणारच म्हणून ते झेंडूचा हार घेऊन आले, आणि समोर पाहतात तो हा तक्ता! गृहस्थ पाच लेकरांचे बाप, पण कान लाल. तोंड फिरवून त्यांनी हार असा काही घातला, की जे शिकवायचे नेमके तेच झेंडूखाली गेले. आता घातलेला हार कार्यक्रम संपेपर्यंत काढायचा नाही, हा आपल्याकडचा कायदा. घटनेत दुरुस्ती होईल, यात होणार नाही. सिस्टर बिचाऱ्या अर्धा तास गळ्यापासून बेंबीपर्यंत आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंत शिकवत राहिल्या.

शेवटी दगडाबाई सुईण उठली. सत्तरी ओलांडलेली बाई, तिला कुणाचे भय? हार काढून सरपंचांच्या हातात ठेवत म्हणाली, "व्यंकट, ह्याच वाटंनं काढलाय तुला म्या. तवा हार न्हवता." सरपंचांना एकाएकी तालुक्याचे काम आठवले.

मग खरी शाळा भरली आणि आमच्या शहाणपणाचे धिंडवडे निघाले. लघवीची वाट वेगळी आणि लेकराची वेगळी, हे चाळीस बायकांत एकट्या दगडाबाईला ठाऊक! चार-चार बाळंतपणे झालेल्या बाया पदर तोंडाला लावून "अगं बया" करत होत्या. (मीही त्यांतच. डी.एड. झालेली! जास्वंदीचे सगळे भाग मला झोपेतही सांगता येतात, स्वतःचे नाहीत.) कुठे दुखते विचारले की या बायांचे एकच उत्तर, पोटात. गळ्याखाली आणि गुडघ्यावर जे काही आहे ते सगळे पोट! अशा अडाणीपणाची मला चीड येते. सिस्टर म्हणाल्या, घरी दार लावा, आरसा घ्या आणि एकदा नीट पाहा. आपलेच आहे, भाड्याचे नाही. (चांगुणाबाई म्हणाली, "तिथं बघितलं तर डोळे जातेत." तिला चष्मा कशाने लागला, ते मी विचारले नाही.)

दाजींना जयभीम सांग. गुडघ्यांना जप.

तुझी,
कुसुम

ता. क. मी आरसा घेतला. यांचा दाढीचा. हे अर्ध्या गालाला साबण लावून दाराबाहेर ओरडत होते, ओरडू दिले. तिथे हरभऱ्याएवढी गाठ दिसली.

आणखी ता. क. परभणीला डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी विचारले, कुठे? मी म्हणाले, पोटात. त्यांनी ग्यासच्या गोळ्या दिल्या. त्या नियमित घेते आहे.

शेवटचे ता. क. बुधवारी, सव्वीस तारखेला, बाई डॉक्टरांकडे जायचे आहे. सोनपेठहून सकाळच्या एस.टी.ने परभणीला ये. अक्का, मला भीती वाटते. एवढ्या लांबलचक पत्रात तो शब्द मीही लिहिला नाही, म्हणून आता लिहिते: गाठ योनीच्या तोंडाशी, डाव्या बाजूला आहे. हे पत्र बरोबर आण. मी पुन्हा पोटात म्हणाले, तर ते डॉक्टरांच्या हातात दे.