मेट्रनचा चार्ज

५ जानेवारी
आज डिचोलीच्या या हॉस्पिटलात मेट्रन म्हणून रुजू झाले. एम.एस्सी. नर्सिंग, वॉर्डातली वीस वर्षं, त्यातली निम्मी मस्कतला. मुलाखतीत सगळं विचारलं, दमलात का एवढं मात्र कोणी विचारलं नाही! आता रोज संध्याकाळी लाटंबार्शाला घरी जायचं. लेक सायली यंदा नर्सिंगला लागली. तिला मी फोनवरच वाढवली. आता तरी एका ताटाशी बसून जेवू. त्यासाठीच ही नोकरी धरली.

८ जानेवारी
ड्यूट्या, रजा, चादरी, मुलींचे रुसवे, सगळं मेट्रनच्या डोक्यावर. पाय सुजलेत. खोलीतल्या वेताच्या खुर्चीत टेकणार तोच संजना सिस्टर धावली, "मॅडम, थंय बसू नकात!" खुर्ची आधीच्या मेट्रनची, वत्सलाबाईंची म्हणे. निवृत्तीच्या दिवशी चार्ज घ्यायला नवी मेट्रन आलीच नाही. वाट बघत बसल्या, त्या बसल्या जागीच गेल्या. चार्ज दिल्याशिवाय नर्स वॉर्ड सोडत नाही, हे मीच मुलींना शिकवत आले. हसले, आणि बसले.

११ जानेवारी
दुपारी ड्यूटी बदलताना वॉर्डाच्या दारात एक म्हातारी सिस्टर उभी. माझ्याहून थकलेली. एकेका बेडपाशी नेऊन पेशंटची माहिती देत गेली, मी सवयीने मान डोलवत गेले. शेवटी म्हटलं, घेतला चार्ज, जा बाई घरी. काय मोकळी हसली! मागून संजनाने घाबरून विचारलं, मॅडम, कोणाशी बोलताय.

१२ जानेवारी
घरी पोचलेच नाही. गेटाबाहेर पाऊल टाकते — आणि वॉर्डात असते. संजनाला हाका मारल्या. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

१४ जानेवारी
टेबलावर माझा फोटो. त्याला हार. सायली रडत होती. खांद्यावर हात ठेवला — तिला कळला नाही.

तारीख आठवत नाही
संजना कधीच निवृत्त झाली. मेट्रन येतात, राजीनामा देऊन जातात. त्या वेताच्या खुर्चीत कोणी बसत नाही; मी दारात उभी असते, एकीलाही दिसत नाही. पाय —

आज
नवी मेट्रन आली. एम.एस्सी., वीस वर्षं अनुभव. केस पिकलेत.
माझी सायली. येताच दमून त्याच खुर्चीत टेकली.
तिला दिसले मी! म्हणते, आई, किती गो दमलीस, तू घराक जा, मी बघतंय —
बोलायचं नाही. एक अक्षर नाही. दात आवळून धरलेत. ती जवळ येतेय. पण देवा, माझे पाय —
बेड एक, ताप उतरलाय. बेड दोन —