कोपरा नसलेलं कार्ड

सोलापूर, ता. ४ फेब्रुवारी १९३३

तीर्थरूप अप्पांच्या चरणी ईश्वरप्पाचे अनेक शरणार्थ. इकडे मी, सावित्रम्मा आणि पोरगी, तिघंही जिवंत आहोत (हे तुम्ही डोळ्यांनी पाहून गेलात, तरी यापुढं प्रत्येक पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायचं मी ठरवलं आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मैंदर्गीपासून अक्कलकोट रोडच्या स्टेशनापर्यंत तुम्ही माझ्यामुळं पायी चाललात, तेही अनवाणी, हे मला मागाहून सिद्धप्पाकाकांकडून कळलं. हे पत्र नेहमीप्रमाणं पंचाक्षरी मास्तर वाचून दाखवतील. मला कानडी लिहिता येत नाही, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा बापलेकांच्या मधे मास्तर हवेतच. (मास्तर, तुम्हालाही शरणार्थ. गेल्या महिन्यात नेमके ते चार दिवस तुम्ही सासुरवाडीला गेला नसता, तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. पण दोष तुमचा नाही. एवढं मोठ्यानं वाचू नका.)

अप्पा, मी कंजूष नाही, मी गिरणीत कारकून आहे. पोरगी झाली, पगार होता तेवढाच राहिला, तेव्हा मी संसाराला शिस्त लावायला घेतली. चहाची पूड दोनदा उकळायची (तिसऱ्यांदाही उकळून पाहिली, पण त्या पाण्याचा रंग बघून सावित्रम्मानं ते बाहेर ओतलं). वहाणा गिरणीच्या फाटकापर्यंत हातात धरायच्या आणि आत साहेबापुरत्या पायात घालायच्या. माझं जुनं धोतर आधी दुपट्यात, मग लंगोटांत आणि शेवटी दिव्याच्या वातींत संपायचं. सावित्रम्मा या सगळ्यात एका शब्दानं कुरकुरली नाही. ती कुरकुरली असती तर मी तिथंच थांबलो असतो, आणि पुढचा प्रसंग टळला असता.

झालं असं की, पोरीला दात येताना वैद्यांनी चूर्ण दिलं. ते चाटवायला जरा कडक कागद हवा होता. कोनाड्यात पोस्टाचं कोरं कार्ड पडलं होतं, त्याचा कोपरा मी फाडला. पुढं गड्ड्याची जत्रा जवळ आली. गेल्या वर्षी जत्रेला आपली अकरा माणसं पाच दिवस आमच्या एका खोलीत राहिली आणि पुढं दोन महिने आम्ही आमटीत डाळ शोधत होतो. म्हणून यंदा ते कार्ड घेतलं आणि लिहून टाकलं की, जागा नाही, कुणी येऊ नका, पुढच्या वर्षी बघू. सावित्रम्मा म्हणाली, “अवो, कोपरा न्हाय त्याला. कुणी गेल्यावर धाडत्यात की तसलं.” मी म्हणालो, पोस्टाला पत्त्याशी काम, कोपऱ्याशी नाही. फाटक्या कोपऱ्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं नाही. अव्वा गेली, मी आईवेगळा झालो, तेव्हा वीस कार्डांचे कोपरे मी माझ्या हातानं फाडले होते. पण कार्ड वाया जाईल, यापुढं मला दुसरं काही सुचलं नाही. याची मला लाज वाटते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते सांगतो. सिद्धप्पाकाकांना दोन इयत्ता मराठी येते. पण कोपरा पाहिल्यावर अक्षरं कोण वाचणार? ते नऊ माणसं घेऊन चाळीच्या तोंडापासून रडत आले. शेजारच्या रंभाबाईंनी कोण गेलं हे न विचारताच त्यांच्यात सूर मिसळला आणि रडता रडता पिठल्याला आधण ठेवलं. सावित्रम्मा सांगते, तुम्ही मात्र रडत नव्हता. तिनं दार उघडलं तेव्हा तुम्ही आधी तिच्या कपाळाचं कुंकू पाहिलं, मग तिच्या कडेवर पोरगी आहे का ते पाहिलं, आणि उंबऱ्यावरच बसलात. (मास्तर, इथं थोडं थांबा. अप्पांना पाणी द्या.)

मी दुपारच्या सुट्टीत आलो तो हातात वहाणा घेऊन. तुम्ही पटक्यातून कार्ड काढलंत आणि “वाच” म्हणालात. सगळी चाळ जमलेली. मी वाचलं, “कुणी येऊ नका.” एरवी तुम्ही माझ्याशी कानडीत बोलता, पण त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणालात, “आमी आलोच न्हाय, आसं समज की.” आणि पाणीही न घेता निघालात. नातीला हातात घेतलं नाहीत. तिनं तुमच्या उपरण्याचा शेव धरला होता, तो तुम्ही हळूच सोडवलात. मी हे रोज आठवतो. काका आणि बाकीचे आठ जण मात्र, आता आलोच आहोत तर, म्हणून गड्डा संपेपर्यंत राहिले. ज्यांनी राहावं असं मला मनापासून वाटत होतं, ते तुम्हीच एकटे गेलात.

अप्पा, चूक माझी. मला बोला, मारा, पण असे गप्प राहू नका.

आपला अपराधी,
ईश्वरप्पा

ता. क. सावित्रम्मा म्हणते, मामंजींना नमस्कार, आणि आलात तर थोडी ज्वारी आणावी. काकांनी मडकं खरवडून नेलं आहे. हे मी लिहिणार नव्हतो, पण ती शेजारी बसली आहे.

आणखी एक. या पाकिटाला तिकीट लावलेलं नाही. नॉटपेड आहे, पोस्टमन तुमच्याकडं दुप्पट मागेल. ही काटकसर नव्हे. तुम्ही ते घेतलं नाहीत, तर ते परत माझ्याकडं येईल आणि भुर्दंड मी भरीन. पण तुम्ही मला उत्तर लिहिणार नाही, निरोपही धाडणार नाही, मग तुमच्या मनातलं मला कळायचं कसं? आठ दिवस वाट बघतो. पत्र परत आलं नाही, तर पुढच्या रविवारपासून दर रविवारी दुपारच्या गाडीला पोरीला कडेवर घेऊन इथल्या स्टेशनावर तुमची वाट बघत उभा राहीन.