विहीण, व्याही आणि एकच पलंग

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

कर्म माझं! कुलूप उघडायला जाते तर दार उघडंच, आणि आत खुर्चीत व्याहीबुवा! मोजे काढलेले, पाय स्टुलावर. मला बघून असे दचकून उठले की स्टूल आडवं झालं.

'विहीणबाई, तुम्ही?'

'हे मी विचारायचं की तुम्ही?'

भानगड अशी. समुद्राजवळचं हे कॉटेज फक्त जोडप्यांना देतात. लेकाने स्वतःसाठी आणि सुनेसाठी घेतलं होतं. परवा म्हणाला, 'आई, हिला सुट्टी मिळत नाहीये. तू जा, मैत्रिणीला घेऊन जा.' मैत्रिणीची ऐन वेळी कंबर धरली, म्हणून मी एकटीच आले. आणि सूनबाईंनी काय केलं? आपल्या वडिलांना सांगितलं, 'बाबा, ह्याला सुट्टी नाही. तुम्हीच जाऊन या.'

आता सुट्टी नाही कुणाला? तिला की ह्याला? आणि एका घरात राहणारी दोघं एकच कॉटेज दोघांना परस्पर देऊन टाकतात म्हणजे काय? कुठेतरी पाणी मुरतंय!

शेवटची बस गेलेली, दुसरी खोली नाही. पलंग एकच. त्यावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले. मी इकडे बघू की तिकडे! व्याहीबुवांनी दोन्ही हंस उचलले, कपाटात ठेवले आणि उशी घेऊन व्हरांड्यातल्या कोचावर गेले. तेवढं मात्र बरं केलं.

माणूस तसा सज्जन. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, चष्म्यांचं दुकान आहे. पण मुलांच्या लग्नात माझ्याशी मोजून चार शब्द बोलले असतील. मी तेव्हाच ठरवलं होतं – शिष्ट आहे.

पडदे चांगले चार बोटं आखूड आहेत. जन्म गेला माझा पडदे शिवण्यात, मला इथे झोप कशी लागणार?

शनिवार, ५ ऑक्टोबर

सकाळी मालकीणबाई नाश्ता घेऊन आल्या – पाव, अंडी, कॉफी. गप्पिष्ट बाई! 'किती गोड जोडी! काका-काकू, तुमची भेट कुठे झाली हो?'

व्याहीबुवा पावाला लोणी लावत म्हणाले, 'मुलांच्या लग्नात.'

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी कॉफीत तोंड खुपसलं. बाई गेल्यावर असं हसू फुटलं की ठसका लागला. तेही हसत होते! मी त्यांना हसताना कधी पाहिलंच नव्हतं. हसले की एक डोळा पूर्ण मिटतो.

मग तपासाला लागलो. घोडं कुठे पेंड खातंय ते कळायलाच हवं. ठरलं असं – एकाच वेळी मी लेकाला आणि त्यांनी लेकीला फोन करायचा. मी व्हरांड्यात, ते फाटकाशी.

'सूनबाईला दे रे जरा.'

'आई, ती आंघोळीला गेलीये.'

मी मान वर करून बघते तर व्याहीबुवा फाटकापासून हातवारे करत येतायत. फोनवर हात ठेवून म्हणाले, 'जावई आंघोळीला गेलेत म्हणे!'

घ्या! ती आंघोळीत, हा आंघोळीत, आणि दोघंही फोनवर!

मी सरळ विचारलं, 'खरं सांग. कुठे आहेस तू?' म्हणाला, मित्राकडे राहतोय. उन्हाळ्यापासून. ती एकटी त्या घरात. कॉटेज घेतलं होतं, एकदा शेवटचा प्रयत्न करावा म्हणून. मग दोघांनाही धीर झाला नाही, आणि 'तू जातेस का' एवढंही एकमेकांना विचारलं नाही.

'भांडलात कशावरून?'

'भांडण नाही गं आई. भांडायला तरी काहीतरी लागतं.'

मी फोन ठेवला आणि तिथेच पायरीवर बसले. इतके महिने हा पोरगा दर रविवारी मला सांगतोय, 'ती मजेत आहे'! आणि मी खुळी रोज शेजारणीला सुनेचं कौतुक ऐकवतेय. पोटची पोर असती तरी इतका लळा लागला नसता मला तिचा.

नाही! मी हे घर मोडू देणार नाही. उद्या दोघांना इथे बोलावते. आम्ही दोघं पिशव्या उचलून निघून जाऊ, त्यांना मागे ठेवू. कॉटेज त्यांचंच तर आहे!

व्याहीबुवा म्हणाले, 'नंबर बदलल्यावर जुना चष्मा घालायला लावला तर डोकंच दुखतं, विहीणबाई.'

'हे काय चष्म्याचं दुकान आहे का!' मी ओरडलेच. मग वाईट वाटलं. त्यांचीही लेक आहे ती. ते कुरणातून एकटेच समुद्राकडे गेले. मी खिडकीतून बघत राहिले. कितीतरी वेळ वाळूवर नुसते उभे होते. मीही गेले मग. परत येताना चिखल होता, तर त्यांनी हात दिला. मी धरला.

रविवार, ६ ऑक्टोबर

आली दोघं. वेगवेगळ्या गाड्यांतून.

बागेतल्या टेबलापाशी बसवलं. मला वाटलं होतं रागावतील, आरडाओरडा होईल, सून रडेल, मग मी मध्ये पडेन. सगळी वाक्यं तयार ठेवली होती. पण तसं काही झालंच नाही. तिने मीठ पुढे केलं, तो म्हणाला, 'थँक्यू.' त्याने खुर्ची सरकवली, ती म्हणाली, 'थँक्यू.' बँकेत काउंटरवर बोलतात तशी दोघं! मी आणि हे – म्हणजे माझे मालक, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो – उभा जन्म एकमेकांवर खेकसलो, पण थँक्यू? कधीच नाही!

सूनबाईच उठून जवळ आली. 'आई, तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं.' मी तिला पोटाशी धरलं आणि मीच रडले. लेक खाली मान घालून काटा-चमचा सरळ करत बसला होता. सरळच होता तो.

संध्याकाळच्या आत दोघं गेली. वेगवेगळ्या गाड्यांतून.

सोमवार, ७ ऑक्टोबर

निघायच्या आधी पडद्यांना खाली पट्टी जोडून दिली. मालकीणबाईंनी कापड आणून दिलं. व्याहीबुवा सुईत दोरा ओवून देत होते – एका झटक्यात! म्हटलं, वा, ह्या वयात! तर म्हणाले, 'चष्मा स्वतः बनवलाय.' शिष्ट नाही हो माणूस. लाजाळू आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर

व्याहीबुवांचा फोन. आता दर रविवारीच येतो. म्हणायचं 'मुलांचं काय ते ठरवू', आणि बोलायचं भलतंच – त्यांच्या दुकानात एक आजी आल्या होत्या, सगळ्या फ्रेमा घालून बघितल्या आणि शेवटी स्वतःचीच जुनी पसंत केली! हसून हसून माझ्या गळ्यातली मापाची टेप खाली पडली. मग एकदम भान आलं. मुलांचा संसार मोडतोय आणि आम्ही खिदळतोय!

आणि एक गोष्ट डोक्यातून जाता जात नाही. मुलं तुटली की आमचं नातं तरी काय उरणार? मग हा माणूस मला कशाला फोन करेल? मला ते नको आहे. लिहून टाकलं बाई एकदाचं!

शनिवार, ७ डिसेंबर

सूनबाई येऊन गेली. माझा हात धरून म्हणाली, 'सून नसले तरी येत जाईन.' म्हटलं, येशील नाहीतर जाशील कुठे!

गुरुवार, ९ जानेवारी

मुलांच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. संध्याकाळी व्याहीबुवांचा फोन.

'संपलं. आता आपण एकमेकांचे कोणी लागत नाही.'

'नाही,' म्हटलं. रडू आवरेना.

ते म्हणाले, 'मग आता विचारायला हरकत नाही. मुलांच्या संसाराआड यायचं नव्हतं, म्हणून गप्प होतो.'

मी पदराने नाक पुसलं. म्हटलं, 'विचारा!'