वहिनीचा हेर

केंदूर, मंगळवार, दिवेलागण

फोनवरच्या राज्यांच्या खेळात आज माझ्या राजधानीत हेर सापडला. वहिनीचा. आम्हा दोघींचा तह आहे, मिळून दादाशी लढतोय, तरी तिने हेर पाठवला. त्याला हाकललं तर नियमाप्रमाणे तह आपोआप मोडतो. न पाहिल्यासारखं केलं तर तह टिकतो, पण हेरही राहतो आणि खेळातली माझी पत्रं तिला दिसत राहतात.

पत्रं कसली, दादाचं एकच. "तिला सोड, माझ्याकडं ये. आपण भाऊबहीण हाय." कालपासून मी उत्तर दिलेलं नाही. तिने ते वाचलं असणार.

मघाशी खलबत्त्यात लसूण कुटताना ती म्हणाली, "चाल खेळा की वन्सं. का भावाला इचारून खेळायचं हाय?" हसत म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

राग यायला हवा होता. दुसऱ्याचं पत्र उघडू नये, हे आबांनी अक्षरओळखीबरोबरच शिकवलंय. पण दौंडहून नवीनच आलेली ती, या घरात आपल्या बाजूचं कुणी आहे का, एवढंच बघत असेल तर? आणि ते पत्र मी बिनउत्तराचं का ठेवलं? दादाकडे जायचा विचार करत होते का? थोडा करत होते.

शेवटी हेराला हात लावला नाही. दादाला लिहिलं, "नाही. मी वहिनीबरोबर आहे." चाल संपवली.

आत तिचा फोन वाजला, हेराची खबर पोचली असणार. खलबत्ता थांबलाय. अजून सुरू झालेला नाही.