फोटोपुढचा पहिला कप

४ जून
आज पुन्हा तेच! विहीणबाई आल्या, पिशवी टेकवली आणि चहा करायला घेतला. त्यांचा चहा म्हणजे दूध नाही, साखर नाही, नुसतं पिवळं पाणी. पहिला कप दोन्ही हातांनी ह्यांच्या फोटोपुढे – "व्याहीबुवा, गरम आहे, सावकाश घ्या." मग त्यांनाच आठवडाभरातल्या गमती. विहीणबाई कवळ्या बनवतात, गिऱ्हाइकं एकेक नग! आम्ही बसलोय बाजूला, बिनकामाचे.
त्यांच्या चिनी घरात माणूस वारला तरी त्याला घरातलं सगळं सांगायची रीत. आमच्याकडे ह्यांचा विषय निघाला की मुलगा उठून जातो.

९ जून
सुनेनं हळूच विचारलं, बाबांना चहा कसा लागायचा. म्हटलं, दूधच जास्त.

१५ जून
विहीणबाईंनी नुसतं विचारलं, स्वभावानं कसे होते – आणि मी सुटलेच! शिट्टी वाजवत दाढी करायचे, कानाला साबण तसाच. मुलाला सायकल शिकवताना स्वतःच गटारात पडले. मुलगा दारात उभा. म्हणाला, "गटार नव्हतं, खड्डा होता." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बापाबद्दल बोलला! सगळे हसलो. मग मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. किती आठवण येते ह्यांची.

२२ जून
तो कप आता टोचतो. ह्यांनीच मुलाला बजावलं होतं, "ती चिनी मुलगी घरात आली तर बाप मेला असं समज." मुलगा घर सोडून गेला. हे अबोल्यातच गेले, लग्न त्यानंतर झालं. विहीणबाईंना ह्यातलं काय माहीत? सांगावं तर कप बंद होईल. आत्ता कुठे घरात ह्यांचं नाव निघतंय! पण दर वेळी त्या बाईला फसवायचं तरी कसं? उद्या सांगणार.

२३ जून
सांगितलं. त्या ओतत होत्या, हात थांबला नाही. "माहीत आहे हो. मुलीनं लग्नाआधीच सांगितलं होतं. रुसलेल्या व्याह्यांना पहिला कप नको का द्यायला?"
त्यांनी माझाही कप भरला.

२९ जून
आज विहीणबाई यायच्या आतच फोटोपुढे कप होता. मुलानं ठेवला. दूध जास्त घालून – दोन्ही हातांनी.